बोरखडी गाव फेकायला शिकले

माणसाची प्रगती कशावरून ओळखावी, याबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. कोणी साक्षरता सांगतात, कोणी दरडोई उत्पन्न, कोणी डांबरी रस्ता. पण साक्षरतेचा आकडा फुगवता येतो, उत्पन्नाचा लपवता येतो आणि डांबरी रस्ता तर उद्घाटनापुरताच असतो. उकिरडा मात्र खोटे बोलत नाही. ज्या गावाच्या उकिरड्यावर शेण, राख आणि पाचोळा एवढेच सापडते, ते गाव कितीही सोज्वळ असले तरी त्याला मागासच म्हणावे लागते.

आमचे बोरखडी हे असे मागास गाव होते.

त्या सुमारास, म्हणजे नव्वदनंतरच्या त्या पाच-सात वर्षांत, पारनेर तालुक्यात आदर्श गावांची साथ आली होती. एका गावाने डोंगरावर चर खणले. दुसऱ्याने दारूबंदी केली. (तिथले पिणारे संध्याकाळी आमच्याकडे येऊ लागले, एवढाच काय तो त्या चळवळीचा आम्हाला झालेला स्पर्श.) तिसऱ्याने सगळ्या घरांना गुलाबी रंग दिला. बोरखडीची पाळी येईपर्यंत आदर्श होण्यासारखे काही शिल्लकच उरले नव्हते. सरपंच आबासाहेब या चिंतेने वाळत चालले होते. तशात एके दिवशी दुपारी पंचायत समितीचे विस्तार अधिकारी फिलिप साळवे आपल्या लुनावरून चावडीपुढे उतरले आणि गावाचे नशीब उघडले.

साळवे साहेब नगरचे. अत्यंत सज्जन माणूस. बढती न मिळण्याचे दुसरे काही कारण दिसत नव्हते. त्यांनी आणलेल्या योजनेचे नाव ‘ग्रामीण घरगुती कचरा व प्लॅस्टिक पुनर्वापर प्रोत्साहन योजना’ असे होते. योजना सोपी होती. शासन गावात पत्र्याची एक शेड बांधून देणार. तिला संकलन केंद्र म्हणायचे. सहा महिन्यांत त्या केंद्रात ठरलेल्या वजनाचे टाकाऊ प्लॅस्टिक जमले, तर ते गाव ‘कचरा-जागृत’ ठरणार. आणि कचरा-जागृत गावाला नळपाणी योजनेत अग्रक्रम मिळणार.

नळ हा शब्द उच्चारताच चावडीच्या पायरीवर बसलेल्या बायका एकदम पुढे सरकल्या. आमच्या गावाचे पाणी खाली ओढ्यातल्या विहिरीत. जायची वाट उताराची आणि मुरमाड. जाताना रिकामा हंडा असतो तेव्हा ती वाट सोपी असते आणि येताना भरलेला असतो तेव्हा ती चढण होते. निसर्गाने ही सोय उलटी का केली, हे कोणाला माहीत नाही.

“पर कचऱ्याचा आन् पान्याचा संबंध काय?” एका म्हाताऱ्याने विचारले.

साळवे साहेबांनी जमिनीकडे पाहिले. आबासाहेब म्हणाले, “संबंध सरकारनं जोडलाय. आपून इचारून तोडायचा का?”

अशा रीतीने योजना एकमताने मंजूर झाली. समिती नेमण्यात आली. अध्यक्ष आबासाहेब आणि चिटणीस मी, सूर्यभान मास्तर, गावच्या दोनशिक्षकी शाळेचा मुख्याध्यापक. दोघांत मुख्य असणे फारसे अवघड नसते, तरी अनुभव म्हणून तो धरला गेला.

शेड महिन्याभरात उभी राहिली. बोरखडीत सरकारी बांधकाम इतके वेगाने कधी झाले नव्हते. आता फक्त कचरा हवा होता.

पहिला महिना संपला तेव्हा केंद्रात एक दात पडलेला कंगवा आणि डाव्या पायाची अर्धी स्लीपर एवढा माल जमला होता. पुढच्या आठवड्यात कंगव्याचा मालक आला आणि “म्हशीच्या शेपटीला बरा हाय” म्हणून कंगवा घेऊन गेला. स्लीपरवाल्याला उरलेला अर्धा तुकडा सापडला, तेव्हा तोही आपला वाटा न्यायला आला. जमा शून्य, खर्च एक शेड, अशा अवस्थेत साळवे साहेब पाहणीला आले.

“लोक केंद्रात आणत नाहीत, की लोकांकडे नाहीच?” त्यांनी विचारले. प्रश्न शास्त्रीय होता. उत्तरासाठी आम्ही घरोघर फिरायचे ठरवले आणि पहिले घर लागले ते रंगुबाईंचे.

रंगुबाईंचा मुलगा प्रवरेकाठच्या एका साखर कारखान्यावर हंगामी कामाला. घरी त्या, सून सायली आणि एक तांबडी शेळी. शेळीला वेगळे नाव नव्हते, तांबडीच म्हणत. रंगुबाई साठीच्या, काटक, आणि बोलायला कोणाच्या बापाला न भिणाऱ्या.

“आजी, घरात टाकाऊ प्लॅस्टिक काय काय आहे?” साहेबांनी विचारले.

“टाकाऊ म्हंजी?”

“म्हणजे जे आता कामाचं राहिलेलं नाही.”

रंगुबाईंनी घरभर नजर फिरवली. चूल, उतरंड, सून, शेळी असे करत ती नजर स्वतःवर येऊन थांबली. “कामाची न्हाई अशी घरात येकली मीच हाय, साहेब. आन् मी काय पलाष्टिकची न्हाई.”

सायली पदराआड हसली. साहेबांनी कोपऱ्यातल्या बादलीकडे बोट केले. “ही तर फुटलेली दिसते.”

“फुटलीय, म्हनून तर तिच्यात कोंबडी बसवलीय. चांगल्या बादलीत कोन कोंबडी बसवतंय?”

“आणि ती खताची गोणी?”

“पाऊस आला की डोक्यावर, न्हाई आला की बुडाखाली.”

तेलाचा कॅन परसाकडे न्यायच्या टमरेलाचे काम करत होता. बियाण्याच्या पिशवीत रेशनकार्ड होते. जुन्या चपलेचा तुकडा दाराच्या बिजागरीत होता, त्यामुळे दार वाजत नव्हते. फिरून फिरून साहेब ओट्यावर बसले आणि पाणी मागून प्यायले. “मास्तर,” ते मला म्हणाले, “पुनर्वापर म्हणतात तो हाच.”

“मग आपले काम झालेच म्हणायचे,” मी म्हणालो.

“पुनर्वापर झाला, पण पुनर्वापराचे वजन नाही झाले. वजन शेडमध्ये लागते.”

घरोघर हीच स्थिती. ज्या थोड्या वस्तू खरोखरच निकामी होत, त्या कानिफनाथ घेऊन जाई. कानिफनाथ हा भंगारवाला. दर आठवड्याला सायकलला दोन पोती लावून तो गावात येई, फुटके प्लॅस्टिक घेई आणि त्याबदल्यात लसूण नाहीतर फुटाणे देई. समितीने या बाबीची गंभीर दखल घेतली. शासनाचा कचरा एक खाजगी इसम फुटाण्यांवर पळवतो आहे, हे कोणत्याही दृष्टीने योग्य नव्हते. कानिफनाथाला गावबंदी करण्यात आली.

“आरं, पर म्या त्येच तर करतोय जे तुमाला करायचंय,” तो बिचारा म्हणाला.

“तू अनधिकृत करतोस,” आबासाहेब म्हणाले. त्याने रिकामी पोती सायकलला बांधली आणि तो निघून गेला.

कानिफनाथ गेल्यावरही शेड भरली नाही. लोक फुटके मग आणि तुटके डबे माळ्यावर ठेवून त्याची वाट पाहू लागले. तेव्हा समितीची तातडीची बैठक झाली आणि मूळ रोगाचे निदान करण्यात आले. बोरखडीच्या लोकांना फेकण्याची सवय नव्हती. पिढ्यान्पिढ्या जपून वापरण्याच्या अनिष्ट रूढीमुळे त्यांचा हात फेकण्यासाठी उठतच नव्हता. हा दोष लोकांचा नसून अज्ञानाचा होता, आणि अज्ञान म्हटले की शाळा आली.

मी जनजागृतीला लागलो. मुलांची प्रभातफेरी काढली. ‘जपून ठेवाल तर मागे राहाल, फेकून द्याल तर पुढे जाल’ ही घोषणा माझीच. तालुक्यात तिचे कौतुक झाले. त्यानंतर शाळेच्या पटांगणात महिलांसाठी प्रत्यक्ष प्रशिक्षण ठेवले. प्रत्येकीने घरून एक प्लॅस्टिकची वस्तू आणायची, रांगेत उभे राहायचे आणि मी ‘तीन’ म्हटल्यावर ती समोर फेकायची.

मी तीन म्हटले. सगळ्यांनी फेकले. आणि सगळ्याजणी लगेच पुढे जाऊन आपापली वस्तू उचलून, पदराने पुसून परत रांगेत आल्या.

“अहो, उचलायचे नाही!” मी म्हणालो.

“मग कुनी उचलायचं?” रंगुबाईंनी विचारले.

“कोणीच नाही.”

“आन् कुनाच्या पायात आलं म्हंजी?”

हा मुद्दा अभ्यासक्रमात नव्हता. आबासाहेबांनी मग स्वतः आदर्श घालून दिला. खिशातली तंबाखूची प्लॅस्टिकची डबी काढून त्यांनी ती ऐटीत मागे न पाहता फेकली. टाळ्या झाल्या. (नंतर ते अंधार पडायच्या आत पटांगणात काहीतरी शोधत होते, असे कोणी म्हणतात. अध्यक्षांबाबत अशा अफवा उठतातच.)

सवय लागायला कच्चा माल लागतो हेही हळूहळू ध्यानात आले. राधाकृष्ण दुकानदार तोवर साखर कागदाच्या पुडीत बांधून देई, तेल गिऱ्हाइकाच्या बाटलीत ओती आणि बाकी माल त्याच्याच पिशवीत टाकी. कागद चुलीत जाई, बाटली घरी जाई, कचरा म्हणून काही उरत नसे. समितीने त्याला सहकार्याचे आवाहन केले. तो म्हणाला, “देतो की प्लॅस्टिकच्या पिशव्या. पर मला कोन आनून देनार?”

आणून देणारा सापडला. गावबंदी झाल्यापासून कानिफनाथाने नगरच्या बाजारातून नव्या कॅरीबॅगांचे गठ्ठे आणून विकायचा धंदा सुरू केला होता. त्याची गावबंदी सन्मानपूर्वक उठवण्यात आली. पूर्वी तो गावातून प्लॅस्टिक न्यायचा, आता गावात आणू लागला. सायकल तीच, दिशा तेवढी बदलली. तो म्हणाला, “मास्तर, ह्यो धंदा लई सवच्छ. मालाला वास येत न्हाई, का कुनाशी घासाघीस न्हाई.”

तरी बायका पिशव्या धुऊन वाळत घालत होत्या. माघ महिन्यात दोऱ्यांवर पांढऱ्या, निळ्या पिशव्या फडफडताना पाहून परगावच्या माणसाला वाटावे की बोरखडीत एखाद्या पक्षाची सभा आहे. प्रगतीचा वेग समाधानकारक नव्हता.

तो वाढला सायलीच्या पायामुळे.

सायलीला तेव्हा चौथा महिना होता. ओढ्याची चढण चढताना मुरमावरून तिचा पाय सरकला, ती गुडघ्यावर आली आणि हंडा गडगडत खाली विहिरीपर्यंत गेला. पोटाला काही झाले नाही, पण घोटा सुजून भाकरीएवढा झाला. रंगुबाई स्वतः हंडा घेऊन खाली गेल्या. या वयात दोन खेपा झाल्यावर त्या चढावर मधेच बसल्या आणि कितीतरी वेळ उठल्याच नाहीत. मी शाळा सुटल्यावर तिकडून चाललो होतो.

“मास्तर,” त्या म्हणाल्या, “त्यो नळ खरंच यील का?”

“वजन भरले तर येईल.”

“चाळीस वर्सं म्या ही वाट चढले. माझं जाऊंद्या. पर ही पोरगी...” मग त्यांनी कंबरेवर हात ठेवला आणि विचारले, “फेकायचंच हाय ना निस्तं? मग फेकते. त्यात काय अवगड हाय?”

दुसऱ्या दिवशी त्या दुकानात गेल्या. “मिठाला पिशवी दे. हळदीला येगळी दे. साखरंला दोन दे, येकात येक.” राधाकृष्णाने डोळे विस्फारले. घरी येऊन त्यांनी माल डब्यात ओतला, पिशवीला गाठ मारली आणि ती केंद्राकडे न नेता सरळ उकिरड्यावर भिरकावली, कारण केंद्र लांब होते आणि प्रशिक्षणात लांबचे काही सांगितले नव्हते. (आठवड्याला मुलांची एक टोळी उकिरड्यावरचा माल वेचून केंद्रात आणी. तो कार्यानुभवाचा तास धरला जाई.) फुटकी बादली कोंबडीसकट गेली, कोंबडी परत आली. टमरेल गेले, गोणी गेली. सासू करते म्हणून सुना करू लागल्या. सून करते म्हणून उरलेल्या सासवा करू लागल्या. आबासाहेबांच्या पुतण्याच्या लग्नात पत्रावळी आणि पितळी तांब्यांऐवजी प्लॅस्टिकच्या ताटल्या नि ग्लास आले. जेवण झाल्यावर सगळी पंगत एका झटक्यात उकिरड्यावर लोटताना जो आवाज झाला, तो ऐकून माझ्यातल्या शिक्षकाला भरून आले.

होळीच्या आत शेड भरली. वजन झाले. बोरखडी तालुक्यातले पहिले कचरा-जागृत गाव ठरले. छोटासा समारंभ झाला, त्यात ‘उत्कृष्ट फेक’ म्हणून रंगुबाईंचा नारळ देऊन सत्कार करण्यात आला. नारळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दिला होता. त्यांनी नारळ काढून घेतला आणि पिशवी तिथल्या तिथे, व्यासपीठावरूनच फेकली. टाळ्यांचा कडकडाट झाला.

आता माल कारखान्याकडे जायचा होता. त्यासाठी गाडी येणार होती. आम्ही वाट पाहिली. चैत्र लागला. मी साळवे साहेबांना विचारले, तर ते बराच वेळ लुनाच्या हँडलवरची धूळ पुसत राहिले.

“मास्तर, आपल्याकडे आली त्या योजनेत संकलन आहे. उचल नाही.”

“म्हणजे?”

“मूळ योजना शहराची होती. ‘ग्रामीण’ हा शब्द नंतर टाइप केला. शहरात उचलायला वेगळं खातं असतं, म्हणून तो मुद्दा हिच्यात घातला नाही. इथे ते खातंच नाही. मी वर लिहिलंय.”

“वरून काय आले?”

“संकलन वाढवा, असं आलंय.”

कानिफनाथाला विचारून पाहिले. त्याने पिशव्यांच्या ढिगात हात घातला, मूठभर पिशव्या वर फेकल्या आणि त्या तरंगत खाली येताना पाहत म्हणाला, “ह्ये कोन घिनार? पोतंभर भरलं तरी वजनाला काय न्हाई. बादली आसंल तर बोला.” बादल्या आता कोणाकडे नव्हत्या. शिवाय नव्या पिशव्यांचा मोठा गठ्ठा उतरवून त्याला पुढच्या गावी जायचे होते.

वैशाखात वावटळी सुटल्या. आमच्या माळावर वाऱ्याला अडवायला काही नाही. एके दुपारी शेडचा एक पत्रा उचकटला आणि सहा महिन्यांचे सामुदायिक श्रम आभाळात गेले. ते खाली आले तेव्हा शिवारभर पसरले होते. माळावरच्या बाभळींना पांढरा, निळा, लाल बहर आला. आमच्या कोरडवाहू भागात ऐन उन्हाळ्यात असे रंग प्रथमच दिसत होते. विहिरीत पिशव्या तरंगू लागल्या, म्हणून बायकांनी पोहऱ्याला फडके बांधले. समितीने उरलेला साठा पेटवून दिला. धूर दोन दिवस गावावर बसून होता आणि लहान मुले खोकत होती. ‘विल्हेवाट वरच्या पातळीवर करण्यात आली’ असे मी वरिष्ठांना कळवले. ते खोटे नव्हते.

त्याच आठवड्यात रंगुबाईंच्या तांबडीने रवंथ सोडला.

ती गाभण होती. आधी वाटले, उन्हाने झाले असेल. मग पोट नगाऱ्यासारखे फुगले आणि ती भिंतीला टेकून उभी राहिली, बसेना. रंगुबाईंनी तिला गोडेतेल पाजले, ओवा दिला, ओढ्यावरच्या देवाला नारळ बोलल्या. साळवे साहेब योगायोगाने गावात होते; त्यांनी लुनावरून पारनेर गाठले आणि गुरांच्या डॉक्टरांना मागे बसवून घेऊन आले. तोवर शेळी आडवी झाली होती. डॉक्टरांनी कान हलवून पाहिला आणि हात पुसले.

“काय खाल्लं होतं हिनं?”

“आमच्या घरचा पाला. दुसरं काय खानार?”

डॉक्टरांनी पोट फाडून दाखवले. आतून पिशव्यांचा एक गोळा निघाला, ओल्या पिळलेल्या लुगड्यासारखा घट्ट. त्यांनी तो ओट्यावर ठेवला. पोटात दोन करडेही होती, ती वेगळी ठेवली. माणसे जमली होती.

रंगुबाई खाली बसल्या आणि गोळ्यातली एकेक पिशवी सोडवू लागल्या. एक पिशवी हातात धरून त्या थांबल्या. तिच्या तोंडाला दुहेरी गाठ होती.

“ही गाठ माझी हाय,” त्या म्हणाल्या. “मिठाच्या पिशवीला म्या अशीच मारते.”

सायली लंगडत पुढे आली आणि त्यांच्या खांद्याला धरून उठवू लागली. त्या उठल्या नाहीत. साळवे साहेब डोक्यावरची टोपी काढून उभे होते. त्यांच्याकडे वर पाहत, न रागावता, एखादा हिशेब चुकला तर विचारावा तशा त्या म्हणाल्या, “साहेब, तुमी सांगितलं तसं फेकलं बगा. पर कुठवर फेकायचं असतं, त्ये सांगायचं ऱ्हायलं तुमचं.”

साहेबांनी तोंड उघडले आणि मिटले. चांगला अधिकारी अशा वेळी काहीतरी बोलतो. मी आधीच म्हणालो होतो, त्यांना बढती मिळत नव्हती.

संध्याकाळी समितीपुढे तांत्रिक प्रश्न उभा राहिला. शेळीच्या पोटातून निघालेले प्लॅस्टिक गावाच्या संकलनात धरायचे की नाही? एक मत असे पडले की शेळी बोरखडीची, तिने वेचलेला माल बोरखडीचा. आबासाहेबांचे डोळे लाल होते. त्यांनी त्या मताच्या माणसाकडे पाहिले आणि बैठक तिथेच संपवली. साळवे साहेबांनी नुकसानभरपाईसाठी वर लिहिले. उत्तर आले, ‘सदर शेळी योजनेची लाभार्थी होती काय, याचा खुलासा करावा.’ साहेबांनी खुलासा केला नाही. काही महिन्यांनी त्यांची अकोले तालुक्याच्या डोंगराळ भागात बदली झाली. जाताना ते रंगुबाईंच्या दारात शेळीची एक पाट बांधून गेले. काळी होती, लंगड्या पायाची, बाजारात त्यांना तीच परवडली असावी. रंगुबाईंनी तिचे दावे उकिरड्यापर्यंत पोचेल इतके लांब ठेवले नाही.

शासनाला मात्र दोष देता येणार नाही. शासनाने शब्द पाळला. पुढच्या दिवाळीच्या तोंडावर पाइप आले, टाकी झाली आणि एका सकाळी रंगुबाईंच्या दारातल्या नळाला फुसफुस आवाज होऊन खरोखर पाणी आले. सायलीचे मूल तेव्हा कडेवर होते. तिने नळाखाली हात धरला, मुलाच्या तोंडावरून फिरवला आणि हसली. त्या वाटेवर पाय न ठेवता तिच्या घरात आलेले ते पहिले पाणी. रंगुबाईंनी ओंजळभर घेतले, प्यायल्या आणि मला म्हणाल्या, “पानी ग्वाड हाय, मास्तर. खोटं कशाला बोलू?” आणि मग आत गेल्या.

असे आमचे गाव प्रगत झाले. आता उकिरडा तालुक्याच्या गावाच्या तोडीचा आहे. आदर्श म्हणून पाहुणेही येऊ लागले. हुरड्याच्या दिवसांत पुण्याची एक मंडळी गाडी करून आली. शिकलेली, हळव्या मनाची माणसे. बाभळींना लटकलेल्या पिशव्या पाहून त्यांना अतोनात वाईट वाटले. एका बाईंच्या डोळ्यांत पाणीच आले. एका गृहस्थांनी रंगुबाईंना उभे करून समजावले की आजी, ही पिशवी शेकडो वर्षे कुजत नाही, जनावरे खातात आणि मरतात. रंगुबाईंनी सगळे नीट ऐकून घेतले. “आसं का,” म्हणाल्या.

मग त्यांनी पाहुण्यांना हुरडा दिला, बोरे दिली. निघताना ओंजळी भरल्या, तेव्हा बाईंनी विचारले, “आजी, एखादी पिशवी मिळेल का हो, घालायला?”

“लागंल तेवढ्या घ्या की,” रंगुबाईंनी बाभळीकडे हात केला. “झाडाला लई लागल्यात.”

बाईंना तो विनोद वाटला. त्या हसल्या आणि राधाकृष्णाच्या दुकानातून नवीन, स्वच्छ पिशव्या मागवून घेतल्या. बोरांना वेगळी आणि हुरड्याला वेगळी. गाडीत पाणी पिऊन झाल्यावर बाटल्या त्यांनी गावात टाकल्या नाहीत, फाट्यावर टाकल्या.

आम्ही बराच वेळ त्यांच्याविषयी बोलत होतो. चांगली माणसे होती. त्यांनी त्या दिवशी बोरखडीत आणि फाट्यावर जे जे टाकले, त्यातली हळहळ तेवढी पुण्याच्या अलीकडेच पूर्णपणे विघटित झाली असावी. बाकीचे अजून तसेच आहे.

वाचता वाचता तुम्हालाही तांबडीबद्दल थोडी हळहळ वाटली असेल. वाटू द्या, संकोच करू नका. ती जनावरांना बाधत नाही, झाडाला अडकत नाही, आणि उद्या तुम्ही भाजी आणायला रिकाम्या हाताने घराबाहेर पडाल, तोवर तिचा मागमूसही राहणार नाही.